तुर्किक राष्ट्रांची एकजूट: भावकी खरी की मालगाडी?

धागालेखक:
२००९ च्या नखचिवान करारातून तुर्किक, म्हणजे तुर्कीशी नाते असलेल्या भाषा बोलणाऱ्या, तुर्कस्तान, अझरबैजान, कझाकस्तान आणि किर्गिझस्तान या देशांची परिषद उभी राहिली, २०१९ मध्ये तीत उझबेकिस्तान आला आणि २०२१ पासून ती ‘तुर्किक राष्ट्र संघटना’ म्हणवू लागली. माझ्या मते ही एकजूट समारंभापुरतीच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये उझबेकिस्तानातील समरकंदच्या शिखर परिषदेत उत्तर सायप्रसला, ज्याला तुर्कस्तानखेरीज कोणीही मान्यता दिलेली नाही, निरीक्षकाचा दर्जा मिळाला. त्याच समरकंदमध्ये एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय संघासोबत बसल्यावर मध्य आशियाई सदस्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ५४१ व ५५० या ठरावांना दुजोरा दिला, आणि ५४१ व्या ठरावाने तर उत्तर सायप्रसची स्वातंत्र्यघोषणाच अवैध ठरवली आहे. असली कसली ही भावकी?

प्रतिसाद १:
भावकीत प्रत्येकाचे भांडण प्रत्येकाने अंगावर घ्यायचे नसते. खरे काम रुळांवर चालले आहे. २०१७ मध्ये अझरबैजानहून जॉर्जियामार्गे तुर्कस्तानला जाणारी बाकू–तिबिलिसी–कार्स रेल्वे सुरू झाली आणि २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर रशिया टाळून जाणाऱ्या या वाटेचे महत्त्व वाढले. कझाकस्तानच्या अक्ताऊ बंदरातून कास्पियन समुद्र ओलांडून अझरबैजानच्या अलात बंदरात उतरणारा कझाक माल हाच या सहकार्याचा पुरावा आहे.

प्रतिसाद २:
ती रेल्वे ज्या जॉर्जियातून जाते तो देश तुर्किक नाही, हे आपण सोयीस्कर विसरता. तिथल्या अखलकलाकीला १५२० मिलिमीटर रुंदीचा सोव्हिएत रूळमार्ग संपून १४३५ चा सुरू होतो, त्यामुळे माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागतो किंवा डब्यांची चाके बदलावी लागतात. भाडे परवडले तर माल कुठूनही जातो. त्याला भाषेचे नाते लागत नाही.

प्रतिसाद १:
मग लिपीचे बोलू. रस्त्याला तुर्कस्तानात ‘योल’ आणि कझाकस्तानात ‘जोल’ म्हणतात, पण पहिला शब्द लॅटिनमध्ये आणि दुसरा आजही बहुधा सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियनच्या लिपीत, लिहिला जातो. ही दरी बुजवण्यासाठीच सप्टेंबर २०२४ मध्ये बाकूत ३४ अक्षरांची सामाईक लॅटिन वर्णमाला ठरली.

धागालेखक:
बाकूतच १९२६ च्या तुर्कविद्या परिषदेने लॅटिनचा पुरस्कार केला होता, पण पुढे मॉस्कोने सिरिलिक लादली. अझरबैजानने एका शतकात अरबी, लॅटिन, सिरिलिक आणि पुन्हा लॅटिन अशी वळणे घेतली. पणजोबांचे पत्र पणतूला परकेच. कझाकस्तानचा लॅटिनचा निर्णय २०१७ चा, तरी वर्णमालेचे आराखडे पुनःपुन्हा बदलत आहेत. सदस्यांना स्वतःची लिपी ठरवता येत नसेल, तर सामाईक वर्णमाला कोण वापरणार?

प्रतिसाद १:
वेळ लागेल, हे मान्य. पण समरकंदमध्ये त्या ठरावांना दुजोरा दिल्यानंतरही संघटना फुटली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अझरबैजानमधील गबाला येथे शिखर परिषद भरलीच.