मदत हवी आहे : सातवीच्या मुलांचा त्रिकोण बंदच होत नाही

गणिताच्या बाई
सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते आणि या वर्षापासून संगणकाचे तासही माझ्याकडे आले आहेत. स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्रॅम करण्याच्या भाषेत चौरस सर्वांना जमतो, परंतु समभुज त्रिकोण काढायला सांगितला की बहुतेक मुले वळण्याचा कोन ६० देतात आणि आकृती उघडी राहते. ३६० भागिले बाजूंची संख्या हे सूत्र मी तीन वेळा फळ्यावर लिहून दिले. ते त्या तासापुरते चालते, पुढच्या आठवड्यात पुन्हा ६० येते. पुढील शनिवारी पालकांसमोर मुलांना स्वतः प्रोग्रॅम करून दाखवायचा आहे, म्हणून कृपया लवकर उपाय सुचवावा.

जुळे सोलापूर
बाई, मुले किती, चालू संगणक किती आणि स्क्रॅचची आवृत्ती कोणती, हे आधी कळवावे. तिसऱ्या आवृत्तीत पेनचे, म्हणजे रेघ काढण्याचे, ठोकळे समोर दिसत नाहीत, डाव्या कोपऱ्यातील खालच्या बटणावरून ते जोडून घ्यावे लागतात.

गणिताच्या बाई
पेन आम्हाला सापडले आहे, अडचण ती नाही. मुले ५४, चालू संगणक ११, आठवड्याला ३५ मिनिटांचा एक तास आणि आवृत्ती तिसरी.

माजी प्रशिक्षक
मी अनेक वर्षे एमएस-सीआयटीचे वर्ग घेतले आहेत आणि माझे मत स्पष्ट आहे. या वयात मुलांचा हात कळफलकावर बसला पाहिजे. इनस्क्रिप्टवर मराठी टंकलेखन शिकवावे, फाईल जतन करून पुन्हा उघडता येऊ द्यावी. त्रिकोण वहीतही काढता येतो.

लिनक्सप्रेमी
जुन्या संगणकांवर हलके लिनक्स बसवावे. बंद पडलेले संगणकही त्यावर चालू लागण्याची शक्यता आहे आणि स्क्रॅचची १.४ ही जुनी आवृत्ती कमी मेमरीतही चालते.

पूर्व भाग
प्रशिक्षक सरांशी मी सहमत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक टप्प्याच्या आधीच, म्हणजे सहावीपासून, कोडिंगशी संबंधित कृतींचा उल्लेख आहे आणि तो केवळ टंकलेखनाने पुरा होत नाही. माझे वडील चादरीच्या मागावर काम करीत असत. मागावर नक्षी विणण्यासाठी बसवलेल्या जकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्याच्या कार्डावर जिथे छिद्र असते तिथे सुई आत जाते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. छिद्र नसेल तिथे धागा खालीच राहतो. कार्डे एकमेकांना ओवून त्यांची माळ केलेली असते, आणि माळ संपली की पहिले कार्ड पुन्हा समोर येऊन तीच नक्षी पुढे सुरू होते. फ्रान्समधील जाकार याने १८०४ च्या सुमारास केलेली ही युक्ती आपल्या शहरातील कितीतरी मुलांच्या घरची आहे. स्क्रॅचमधील 'पुन्हा करा' हा ठोकळा म्हणजे ती माळच आहे. एखाद्या कारखान्यातून जुनी कार्डे मागून आणावीत आणि ती मुलांच्या हातात द्यावीत.

माजी प्रशिक्षक
उदाहरण उत्तम आहे, परंतु त्याने ६० आणि १२० यांचा गोंधळ कसा सुटणार?

पूर्व भाग
तो सुटत नाही, हे मान्य आहे. पुनरावृत्ती समजावण्यापुरतेच ते वापरावे.

जुळे सोलापूर
बाई, एक गोष्ट विचारायची राहिली. कोन ६० ठेवून मुलांनी प्रोग्रॅम सुरू करणारा हिरवा झेंडा दुसऱ्यांदा दाबला तर काय होते? सुरुवातीला चित्र पुसण्याचा किंवा दिशा ठरवण्याचा ठोकळा लावला आहे का?

गणिताच्या बाई
लावलेला नाही. आणि हो, मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली होती, "बाई, झेंडा परत दाबला की षट्कोन होतो." तास संपत आला होता, म्हणून मी तिला नंतर बघू म्हणाले आणि ते राहून गेले.

जुळे सोलापूर
तिने जे पाहिले त्यातच आपले उत्तर आहे. साठ-साठ अंशांनी तीनदा वळले की एकूण वळण १८० होते, म्हणजे पडद्यावर रेघ काढत चालणारी स्क्रॅचची मांजर अर्धाच फेरा घेते आणि उलट्या दिशेला तोंड करून थांबते. झेंडा पुन्हा दाबला की उरलेला अर्धा फेरा पूर्ण होतो. त्रिकोणाच्या आतला कोन ६० आहे हे मुलांना पाठ आहे. मांजर वळते तो बाहेरचा कोन, हे त्यांना दिसलेले नाही, आणि चौरसात दोन्ही कोन ९० असल्यामुळे ही चूक तिथे झाकली जाते. म्हणून सूत्र बाजूला ठेवून एका मुलाला शहाबादी फरशीवर खडूने काढलेल्या मोठ्या त्रिकोणावरून चालवावे. कोपऱ्यावर त्याने दोन्ही हात चालण्याच्या दिशेने सरळ पुढे धरावेत, दुसऱ्याने त्या रोखाने खडूची रेघ वाढवावी, आणि मगच त्याने पुढच्या बाजूकडे वळावे. वाढवलेल्या रेघेपासून नव्या बाजूपर्यंतचा कोन मुलांनीच मोजावा. १९६७ मध्ये सुरू झालेल्या लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेमागे तिच्या निर्मात्यांपैकी एक सेमूर पॅपर्ट यांचा हाच विचार होता की, मुलाने स्वतःला रेघ काढत चालणाऱ्या कासवाच्या जागी ठेवून पाहावे. ११ संगणकांवर पाच-पाच मुले बसत असतील तर माऊस एकाच हातात राहू देऊ नये. पाच मिनिटांनी तो पुढच्याकडे द्यावा आणि बाकीच्यांनी काय करायचे ते तोंडाने सांगावे.

गणिताच्या बाई
काल व्हरांड्यात करून पाहिले. षट्कोन पाहिलेल्या त्या मुलीलाच मी चालायला सांगितले. कोपऱ्यावर तिने हात पुढे धरले आणि वळताना ती मोठ्याने म्हणाली, "अहो बाई, हे तर काटकोनापेक्षा जास्त झालं." त्यानंतर ११ पैकी ८ गटांनी स्वतः १२० लिहिले आणि फळ्यावर मी काहीही लिहिले नव्हते. उरलेले तीन गट अजून ६० वरच आहेत, त्यांना उद्या मधल्या सुट्टीत चालवणार आहे. आता मुलांना पाच टोकांची चांदणी हवी आहे. ७२ दिल्यावर पंचकोन येतो आणि त्यांनी मला विचारले की, चांदणीसाठी किती? मला १४४ माहीत आहे, पण ते सांगायचे नाही असे ठरवले आहे. त्यांना तिथपर्यंत कसे न्यावे?

जुळे सोलापूर
पुन्हा फरशीवरच चांदणी काढावी आणि चालणाऱ्याने सुरुवातीच्या जागी परत येईपर्यंत आपले तोंड किती वेळा पूर्ण फिरले ते मोजावे. ते दोनदा फिरते, म्हणजे ७२० भागिले ५. मुलगी चालताना बाकीच्यांनी टाळी वाजवून फेरे मोजावेत.