मुलांचा ताबा आणि भेटीचे आदेश : खान्देशातील पालकांनी आपले अनुभव लिहावेत

माझा मुलगा चार वर्षांचा असताना आमचे प्रकरण कौटुंबिक न्यायालयात दाखल झाले आणि तो सात वर्षांचा झाल्यावर अंतिम आदेश आला. त्या तीन वर्षांत मला सर्वांत जास्त आधार मिळाला तो न्यायालयाच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बायकांचा. तसाच आधार इतरांना मिळावा म्हणून ही विनंती आहे. न्यायालयाने नेमके काय पाहिले, आदेशात काय लिहिले आणि प्रत्यक्ष भेटी कशा झाल्या, एवढेच लिहावे. जोडीदाराचे दोष आणि कोणाचीही नावे लिहू नयेत.

सुरुवात माझ्यापासून करते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असे म्हटले आहे, एवढ्या एका वाक्यावर मी निर्धास्त होते. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये मुलाचे हित सर्वोपरी मानले आहे, हे मला समुपदेशक बाईंसमोर बसल्यावर कळले. त्यांनी आमच्या भांडणाबद्दल फारसे विचारलेच नाही. मुलाला ताप आला की रात्री कोण उठते, शाळेच्या वहीवर सही कोणाची असते, मी कामावर गेल्यावर तो कोणाजवळ असतो, असे प्रश्न त्यांनी दोघांनाही वेगवेगळे विचारले. नवऱ्याविरुद्ध मी जमवलेल्या कागदांची पिशवी त्या दिवशी उघडलीही गेली नाही. ताबा माझ्याकडे राहिला, पण तो आई म्हणून आपोआप मिळाला असे मला आता वाटत नाही.

रावेर तालुक्यातील एक वडील

ताई, समुपदेशकांचा अनुभव माझाही असाच आहे. दीड वर्ष मुलीची भेट नव्हती. अंतरिम आदेशाने दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, अकरा ते एक, न्यायालयातील मुलांच्या खोलीत भेट ठरली. पहिल्या भेटीला मी मोठी बाहुली नेली; मुलगी आईच्या पदराआडून बाहेर आली नाही. समुपदेशक म्हणाल्या, ‘भाऊ, वस्तू नका आणू, दोघांनी मिळून करता येईल असे काहीतरी आणा.’ पुढच्या वेळी शेतातल्या ओल्या शेंगा रुमालात बांधून नेल्या आणि काही न बोलता सोलत बसलो. वीसेक मिनिटांनी ती जवळ सरकली. दाणे ती स्वतः खात होती आणि टरफले एकेक करून माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकत होती. त्या दिवशी घरी जाऊन मी तो खिसा रिकामा केला नाही.

एक चूक मात्र सांगतो. केळीची कापणी शनिवार पाहून येत नाही. व्यापाऱ्याची गाडी आली की शेत सोडता येत नाही, आणि माझ्या दोन भेटी अशा बुडाल्या. आदेशात बदली तारखेची तरतूद नव्हती, त्यामुळे त्या गेल्या त्या गेल्याच. अर्ज करतानाच ठिकाण, वेळ, आणणार कोण, पोहोचवणार कोण आणि भेट चुकली तर पुढची कधी, हे सगळे लिहून मागावे.

मूळच्या धुळ्याच्या, सध्या सुरतेत राहणाऱ्या एक आई

आमच्याकडची बरीच कुटुंबे कामासाठी सुरतेत येतात, म्हणून हे लिहिणे गरजेचे वाटते. मुलाच्या वडिलांनी धुळ्यात अर्ज केला होता. मुलगा तीन वर्षांपासून सुरतेच्या शाळेत होता. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे मूल सर्वसाधारणपणे जिथे राहते तिथल्या न्यायालयाला अधिकार असतो, त्यामुळे तो अर्ज परत केला गेला. या वादात वर्ष गेले आणि तेवढा काळ मुलाला वडील दिसले नाहीत, याचे मला समाधान नाही. आता रोज संध्याकाळी दहा मिनिटे व्हिडिओ कॉल ठरला आहे. प्रत्यक्ष भेटीखेरीज असा रोजचा पाच-दहा मिनिटांचा संपर्क मुलाला मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात म्हटले आहे. आमच्या वकिलांनी तोच निकाल दाखवला होता.

चाळीसगावहून एक वडील

भेट मिळत नाही म्हणून मी चार महिने पोटगी थांबवली. पोटगी आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे न्यायाधीशांनी मला कठोर शब्दांत सांगितले. प्रत्येक बुडालेल्या भेटीची नोंद करून आदेशाच्या अंमलबजावणीसाठी अर्ज देणे, हा माझा मार्ग होता. तो मी उशिरा धरला.

अमळनेरहून एक आजी

माझी नात अकरा वर्षांची होती. मूल समजून-उमजून सांगण्याइतके मोठे असेल तर त्याची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकते, म्हणून न्यायाधीशांनी तिला एकटीला दालनात बोलावले. ती बाहेर आली आणि कोणाकडेच न पाहता पाण्याच्या माठाकडे गेली. ताबा वडिलांना मिळाला. माझ्या लेकीला ते फार लागले, मलाही लागले. पण पोरीने काय सांगितले हे आम्ही तिला आजवर विचारलेले नाही, आणि कोणी विचारूही नये.

पुढे संमतीच्या अटी लिहिताना उन्हाळ्याची सुटी निम्मी-निम्मी ठरली. तेव्हा मी वकिलांना म्हटले, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आमच्याकडे लिहा. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पोरी गाणी म्हणतात. त्या दिवशी नात आपल्या आईजवळ असावी. समोरच्यांनी हरकत घेतली नाही आणि आदेशात तो दिवस नावाने लिहिला गेला.

धागा सुरू करणारी

आजी, तुमचे वाचून मी माझा आदेश पुन्हा काढून पाहिला. त्यात दिवाळी आहे, उन्हाळ्याची सुटी आहे. खान्देशात श्रावणातल्या रविवारी बसवतात ती कानबाई देवी, तिचा सण कुठेच नाही. माझ्या मुलाच्या वडिलांकडे कानबाई बसते आणि गेली दोन वर्षे तो त्या रविवारी माझ्याकडेच होता. ताब्याचे आदेश परिस्थितीप्रमाणे बदलून घेता येतात, म्हणून तो रविवार त्यांच्याकडे लिहून द्यावा असा अर्ज मीच देणार आहे.