लहानपणीचा रोबो टॉकीजमध्ये भेटला तेव्हा : खान्देशकरांनो, तुमचे अनुभव लिहा

परवा घरी टीव्हीवर ‘ट्रान्सफॉर्मर्स’ लागला होता. 2007 चा, मायकल बेवाला. ऑप्टिमस प्राइम पहिल्यांदा गल्लीत येऊन ट्रकचा रोबो होतो, तिथं माझ्या हातातला घास हातातच राहिला. पोरगा म्हणाला, "पप्पा, तुम्ही हे किती वेळा पाहिलंय?" म्हटलं, पाहिलंय पंधरा-वीसदा, पटलं एकदाही नाही.

माझं लहानपण जळगावातलं. शेजारच्या काकांचे साडू सुरतेला कापड मार्केटात. दिवाळीला यायचे तेव्हा पिशवीत व्हिडिओ कॅसेटी असायच्या. त्यातल्या एकीत 1984 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्याच कार्टूनचे दोन-तीन भाग होते. कॅसेट इतकी घासलेली की ऑप्टिमसच्या तोंडावरून कायम एक पांढरी रेघ जायची. ती रेघ चित्रातलीच आहे, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो.

2007 ला हिंदीत डब होऊन आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात गेलो. आणि काय पाहतो, तर ऑप्टिमसला ओठ! कार्टूनमध्ये त्याच्या तोंडावर सदा पत्रा असायचा, म्हणूनच तर त्याचा दरारा होता. इथं पत्रा सरकतो आणि खालून माणसासारखं तोंड निघतं. वर अंगभर लाल-निळ्या ज्वाळा रंगवलेल्या, वरातीच्या गाडीवर असतात तशा. मी मध्यंतरातच तोंड पाडून बसलो. बाकी सगळी टॉकीज शिट्ट्या मारत होती, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

तर तुम्ही तो कुठं पाहिला, कोणासोबत, काय खटकलं, काय आवडलं, ते लिहा. समीक्षा नको, आपापलं सांगा. अहिराणी, लेवा बोली, काहीही चालेल.

– केळीवेफर, जळगाव

पांझराकाठ, धुळे

केळीवेफर भाऊ, ओठांचं जाऊ द्या. माझा राग नाकावर होता.

कार्टूनमधला ऑप्टिमस चपट्या तोंडाचा ट्रक. सिनेमात त्याला लांब बोनेटचा पीटरबिल्ट केला. मी तेव्हा बारावीला. आमचे दादा (वडील) ट्रकवर ड्रायव्हर, आग्रा रोडनं इंदूर लाइन आणि कधी नागपूर. ते इंग्रजी सिनेमाला कधी जात नसत, पण गाडी बॉडीच्या कामाला गॅरेजमध्ये लागली होती, चार दिवस मोकळे होते. म्हटलं, चला, ट्रकचा सिनेमा आहे.

ऑप्टिमस आला आणि मी कुजबुजलो, "दादा, हे चुकवलं यांनी. खरा ऑप्टिमस चपट्या तोंडाचा असतो." दादा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "बरोबर केलं. बोनेटवाल्या गाडीत धडक आधी बोनेटला बसते, पायाला नाही."

मग बाहेर चहाला थांबलो तिथं त्यांनी मला ट्रक शिकवला. चपट्या तोंडाच्या गाडीत इंजिन केबिनच्या आतच, मांडीला लागून. मे महिन्यात शिरपूरच्या पुढं चढ लागला की डावा पाय शेकून निघतो, क्लीनर इंजिनाच्या झाकणावर ओलं पोतं टाकतो. जुन्या टाटा-मर्सिडीजला बोनेट होतं, तिच्या आठवणी निघाल्या. "तुझा तो चपटा रोबो एकदा समोरासमोर ठोकला ना, तर त्याचे गुडघे राहणार नाहीत," हे त्यांचं शेवटचं वाक्य. त्यांनी ऑप्टिमसला अपघातग्रस्त ड्रायव्हर समजूनच तपासला होता.

एक गोष्ट मात्र त्यांना अजिबात पटली नाही. इतका मोठा ट्रक, लढाईत उड्या मारतो, बिल्डिंगा फोडतो आणि परत ट्रक झाला की रंगावर ओरखडा नाही. "रंगकाम कोण करतं याचं? मला पत्ता दे."

लोकोशेड, भुसावळ

पांझराकाठ, नाक लांब करायचं कारण वजन होतं. कार्टूनमध्ये खलनायक मेगाट्रॉन एवढा धिप्पाड रोबो, आणि त्याचं होतं काय तर हातात मावणारं पिस्तूल. सिनेमावाल्यांनी ठरवलं की जेवढा माल गाडीत, तेवढाच रोबोत. चपट्या ट्रकमधून हवा तेवढा उंच ऑप्टिमस निघेना, म्हणून लांब ट्रक घेतला. मेगाट्रॉनचंही पिस्तूल गेलं, त्याला परग्रहावरचं विमान केलं.

आमच्या घरात या निर्णयाचं स्वागत झालं, कारण पप्पा शेडमध्ये फिटर. लहानपणी कार्टून पाहताना ते मागून जाता जाता विचारायचे, "उरलेलं लोखंड कुठं गेलं?" आमच्याकडं उत्तर नसायचं. सिनेमाची डीव्हीडी आणली तेव्हा त्यांनी मला रिमोट धरायला लावला. ऑप्टिमसचं रूपांतर थांबवत थांबवत, पुढं-मागं करत, अर्धा तास. "हे दार खांद्यावर गेलं. ठीक. चाक पायात. ठीक. हे काय फिरतंय? लॉकिंग कशानं केलंय? एकही नट दिसत नाही." संगणकावर ऑप्टिमस बनवताना त्यात दहा हजारांहून जास्त भाग होते, हे मी नंतर कुठंतरी वाचून त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग ओव्हरहॉलिंगला किती दिवस?"

मारामारी मात्र बेकार. शेवटी शहरात नुसता भंगार बाजार. कोण आपला, कोण त्यांचा, कळत नाही. मेगाट्रॉन राखाडी, त्याचा साथीदार स्टारस्क्रीम राखाडी, धूळ राखाडी. कार्टूनमध्ये रंगावरून ओळख पटायची.

डुबुकवडा

ऑप्टिमसचा पिवळा साथीदार बम्बलबी कार्टूनसारखा बीटल गाडी पाहिजे होता. कॅमॅरो गाडी नको होती. संपलं माझं.

केळीवेफर, जळगाव

डुबुकवडा, 2018 चा ‘बम्बलबी’ पाहा. त्यात तो परत पिवळी फोक्सवॅगन बीटल आहे, काळही 1987 चा. मायकल बेनं नाही, ट्रॅव्हिस नाइटनं केलाय.

डुबुकवडा

पाहिला. रडलो. तरी पहिल्याबद्दलचा राग आहे.

बोरीकाठची, अमळनेर

इथं सगळे दादा-भाऊच दिसताहेत, म्हणून लिहिते.

सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरीच्या पात्रात खेळण्यांची दुकानं लागतात. भावाला एका वर्षी ट्रकचा रोबो होणारं प्लास्टिकचं खेळणं मिळालं, मला बांगड्या. खेळण्यावर ना कंपनीचं नाव ना काही. तिसऱ्या दिवशी त्याचा हात निघाला. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा कापून मी तो खांद्यात बसवला, तेव्हापासून हात फिरायचा आणि पडायचा नाही. दुकानातून आणला त्यापेक्षा बरा झाला. भाऊ तरीही म्हणायचा, "तुला काय कळतं त्यातलं."

2007 ला मी जळगावात मेकॅनिकल डिप्लोमाला होते. वर्गात आम्ही चारच मुली. चौघी गेलो. बम्बलबी रस्त्यात बंद पडतो (मुद्दामच पडतो म्हणा), तेव्हा नायिका मिकेला बोनेट उघडते आणि सरळ सांगते, डिस्ट्रिब्युटर कॅप सैल आहे. आमच्या रांगेत आधी टाळी पडली, मग शिव्या! कारण ती इंजिन बघतेय आणि कॅमेरा तिची कंबर बघतोय. अहो, आम्हाला कॅप बघायची होती! आठवडाभर आधीच प्रॅक्टिकलला आम्ही तीच कॅप काढून बसवली होती, सरांनी सगळ्या मुलांना पहिला चान्स दिल्यावर.

शेवटच्या लढाईत पाय तुटलेल्या बम्बलबीला टो-ट्रकला बांधून ती उलट्या गिअरमध्ये गाडी चालवते आणि तो मागून गोळ्या मारतो. तो प्रसंग मला सबंध सिनेमात सगळ्यात आवडतो. नायक कुठंतरी, ज्याच्यासाठी सगळी मारामारी, तो ठोकळा घेऊन पळत असतो. पळू दे.

कार्टून मी फारसं पाहिलं नव्हतं. रिमोट भावाकडं असायचा.

सातपुडा पायथा, शहादा

आमच्याकडं सिनेमाच्या आधी लोडशेडिंगचं वेळापत्रक बघावं लागायचं. टॉकीजचं नाव सांगत नाही, मालक ओळखीचे आहेत. कतारमधल्या तळावर हेलिकॉप्टरचा रोबो होतो, सगळं उडवायला लागतो आणि नेमकी लाइट गेली. अंधारात एक जण ओरडला, "ट्रान्सफॉर्मर उडाला!" आख्खी टॉकीज हसली. जनरेटर सुरू होईपर्यंत पंधरा मिनिटं हाच विनोद वेगवेगळ्या तोंडून चालू होता. आमच्या गावात ‘ट्रान्सफॉर्मर’ म्हणजे डीपी, जळला की महिनाभर शेताला पाणी नाही. त्यामुळं पोस्टर पाहून माझ्या मोठ्या काकांनी विचारलंच होतं, महावितरणवर सिनेमा काढलाय का?

जनरेटरवर आवाज निम्मा झाला. नंतर पुण्याच्या होस्टेलला लॅपटॉपवर हेडफोन लावून इंग्रजीत पाहिला, तेव्हा कळलं आपण काय गमावलं होतं. ऑप्टिमसचा आवाज पीटर कलनचा. 1984 च्या कार्टूनमध्येही तोच माणूस, तेवीस वर्षांनी सिनेमातही तोच. व्हिएतनाममध्ये लढून आलेल्या आपल्या मोठ्या भावाच्या बोलण्यावरून त्यानं तो आवाज बेतला होता. म्हणून असेल, ऑप्टिमस ओरडत नाही. घरातला मोठा माणूस जेवताना बोलतो तसा बोलतो. ओठ बघू नका केळीवेफर भाऊ, डोळे मिटून ऐका.

खिचडीपापड, पाचोरा

मी कार्टूनचा एक भागही पाहिलेला नाही. आमच्याकडं केबल नव्हती, सुरतेला साडूही नव्हता. मला सिनेमा जबरदस्त आवडला. तुम्ही लोक नाक, ओठ, रंग यांत अडकलात आणि आम्ही खुर्चीला धरून बसलो होतो. नोकियाच्या फोनचा चावरा रोबो होतो, तेव्हा मी खिशातला माझा फोन काढून बाजूच्या खुर्चीवर ठेवला होता. अजून काय पाहिजे सिनेमाकडून?

लोकोशेड, भुसावळ

खिचडीपापड, पाच रोबो त्या नायक पोराच्या बंगल्यामागं बागेत लपतात, तो प्रसंग सोडला तर विनोद तरी आठवतो का तुला?

खिचडीपापड, पाचोरा

तोच तर आठवतो. ऑप्टिमस "सॉरी" म्हणतो ना, बाग तुडवल्यावर. आमच्या केळीत एकदा रानडुकरं शिरली होती, ती म्हणाली नाहीत.

भडगाव रोड, चाळीसगाव

आमच्या आजीचं सांगतो. ती अस्सल अहिराणी, वय तेव्हा सत्तरच्या पुढं. 2009 ला दुसरा भाग आला, तेव्हा पहिला परत सीडीवर लावला होता. आजी लसूण सोलत होती. ऑप्टिमस उभा राहिला तशी म्हणाली, "हाई काय शे रे भो? गाडीना माणूस व्हई गया?" मी समजावलं, परग्रहावरून आलेत, चांगले आहेत, आपल्या बाजूचे. तिनं दोन पाकळ्या सोलल्या आणि विचारलं, "मंग हाऊ खास काय, नि पेस काय?"

मी अडकलो. डिझेल म्हणू का? पूर्ण सिनेमात एकही रोबो काही खातपीत नाही. आजीनं मान हलवली. इतक्या लांबून पाहुणे आले, त्या पोराच्या आईनं पाणीसुद्धा विचारलं नाही, यावर ती संध्याकाळपर्यंत बोलत होती. दुसऱ्या-तिसऱ्या भागाबद्दल लोक काय काय बोलतात, पण आजीइतकी मूळ मुद्द्याची तक्रार मी कुठं ऐकली नाही.

ऑप्टिमसच्या टोळीतल्या जॅझला मेगाट्रॉन मधून फाडतो तेव्हा मात्र तिनं सुरी खाली ठेवली होती. सिनेमातलं कोणी त्याच्यासाठी नीट रडलं नाही. आजी "अरे अरे अरे" तरी म्हणाली.

केळीवेफर, जळगाव

सगळे अनुभव पोराला वाचून दाखवले. आजी त्याला सगळ्यात आवडली. काल माळ्यावरून खोका काढला, त्यात ती सुरतेची कॅसेट निघाली. बुरशी नाही, फीत शाबूत दिसते. आता व्हीसीआर कुठून आणू? जळगाव-भुसावळकडं कोणाकडं चालू आहे का?

लोकोशेड, भुसावळ

पप्पांकडं आहे. चालतो, पण हेड साफ करावं लागेल. येताना मेडिकलमधून स्पिरिट घेऊन या, इथलं संपलंय. रविवारी शिफ्ट नाही त्यांना. पण सांगून ठेवतो, रिमोट त्यांच्याकडं राहील, आणि ते मेगाट्रॉनच्या पिस्तुलाला थांबवणार.

केळीवेफर, जळगाव

थांबवू द्या. सकाळच्या पॅसेंजरनं पोराला घेऊन येतो. हेड हळू हातानं पुसायला सांगा, ती रेघ त्याला दाखवायचीय.