टाईप १ आहे, टॅटू काढू का?

वेलवाली: मंडळी एक विचारायचंय. मला शाळेत असल्यापासून टाईप १ डायबेटीस आहे, इन्सुलिन पेनने घेते. घोट्यावर एक बारीक वेल काढून घ्यायचीये, कधीपासून डोक्यात आहे. आई म्हणते शुगरवाल्यांची जखम लवकर भरत नाही, विषयच काढू नकोस. शेवटचं एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ७.२ आलंय. खरंच नाहीच का, की काळजी घेऊन जमतं?

पेनसुई: जमतं की. मी पण टाईप १, कोपराखाली आतल्या बाजूला काढलाय आणि मस्त भरला. ७.२ काही वाईट नाही, पण डॉक्टरांना एकदा विचारच, आणि ज्या आठवड्यात शुगर वरखाली नाचतेय त्या आठवड्यात अपॉइंटमेंट सरळ पुढे ढकल. मात्र घोटा नको गं. पायाकडे रक्तपुरवठा तसाही कमी, त्यात नसांवर परिणाम झाला असेल तर दुखलेलं कळतही नाही, वर मोजे-चपलेचं घासणं. नडगी, पाऊल पण त्यातच आलं. आणि पोट, मांडी, दंड यातलं जिथे तू सुई टोचतेस किंवा शुगर मोजणारा सेन्सर लावतेस ती जागा पण सोड, भरेपर्यंत तिथे काही टोचता येणार नाही.

ड्रेसिंगताई: मी नर्स आहे, जखमा रोज बघते. आई अगदीच चुकीचं बोलत नाहीये हं. शुगर सतत जास्त राहिली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत आणि जंतूंचं फावतं. वरची त्वचा साधारण २-३ आठवड्यांत भरते, आतली त्याहून उशिरा, तोवर पोहणं बंद, खपली ओढायची नाही, कोमट पाणी आणि बिनवासाचा साबण. पहिले एक-दोन दिवस लाली आणि थोडी सूज चालते. पण लाली पसरत चालली, पू आला, ताप आला किंवा काही कारण नसताना शुगर चढायला लागली तर मलम लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वेलवाली: बरं, घोटा कॅन्सल 😅 वेल मनगटाच्या वर घेते. पण बसल्या बसल्या शुगर लो झाली तर?

पेनसुई: हो ते राहिलंच. उपाशी जाऊ नकोस, शुगर चेक करूनच खुर्चीत बस, ग्लुकोजच्या गोळ्या हाताशी ठेव, बॅगेत तळाला नको. गंमत अशी की घाम, थरथर, धडधड हे टेन्शननेही होतं आणि लो झाल्यावरही, त्यामुळे अंदाज बांधत बसायचं नाही, मशीन थांबवायला सांगून चेक करायचं. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी परत चेक. उलट दुखण्याने काहींची शुगर चढते पण, म्हणून नंतर रात्रीही एकदा बघ. आर्टिस्टला आधीच सांगून ठेव. डायबेटीस म्हटल्यावर जो तोंड वाकडं करतो किंवा "काही होत नाही हो" म्हणतो, त्याच्याकडे मी तरी जाणार नाही.

शाईगडी: आर्टिस्टच्या बाजूने सांगतो. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, तारीख बघा. शाई छोट्या नव्या टोपणात ओतलेली हवी, उरलेली परत बाटलीत जाता कामा नये. आणि शाई पातळ करायला नळाचं पाणी घेताना दिसला तर उठून चालू पडा, त्यातून त्वचेत जंतू जातात. लाल रंगाची अ‍ॅलर्जी जास्त दिसते, पहिल्यांदा काळाच घ्या. छोटी डिझाईन, एकाच बैठकीत होणारी.

वेलवाली: मग फुलं लाल नकोत, नुसती काळी पानंच. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली, आईलाही सोबत नेतेय, तिचे प्रश्न तिलाच विचारू दे.