राखीव ब्लोअर आणि पंप सारखेच तास चालवावेत का? माझं मत: नाही

सांडपाणी_यांत्रिकी (धागालेखक)
सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत एक रिवाज पक्का बसलाय. एअरेशन टाकीत (मैलापाण्यात हवा सोडायची टाकी) हवा ढकलणारे दोन ब्लोअर असले की एक आठवडा हा, एक आठवडा तो. दोन्ही तासमीटर जुळले की देखभाल छान चाललीय असं समजायचं. मला हे चुकीचं वाटतं. तास सारखे म्हणजे झीजही सारखी. पट्टे, बेअरिंग, टायमिंग गिअर, ऑइल सील, सगळं एकाच सुमारास टेकीला येतं. पहिला ब्लोअर उघडून ठेवला की सगळा भार दुसऱ्यावर, आणि तोही तेवढाच थकलेला. भांडारात स्पेअरचा संच मात्र एकच.

माझी मांडणी अशी: वर्षाच्या ८,७६० तासांपैकी मुख्य ब्लोअरने साधारण ७,८०० तास चालावं, राखीवने ९६०. म्हणजे महिन्यातून एकदा राखीव सलग ८० तास. दहा मिनिटं चालवून बंद करणं हे तर न चालवण्यापेक्षा वाईट, कारण तेल पुरतं तापत नाही आणि आत धरलेला ओलावा तिथेच राहतो. त्या ८० तासांत बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब, तापमान आणि मोटरचे अँपिअर लिहून ठेवा. डिफ्यूझरवर (टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारा भाग) ४.५ मीटर पाणी असेल तर नुसत्या पाण्याचाच दाब ०.४४ बार होतो. त्यावर पाइप आणि डिफ्यूझरचा अडथळा. दाब वाढत चालला तर दोष बहुधा डिफ्यूझरचा. दाब तोच, फेरे तेवढेच, आत जाणारी हवाही तितकीच गार, आणि तरी एका ब्लोअरची हवा दुसऱ्यापेक्षा जास्त तापते? मग त्याच्या लोबमधली (आत फिरून हवा ढकलणारे भाग) फट वाढलीय आणि हवा आतल्या आत मागे घसरतेय. ही तुलना करायला एक यंत्र कमी झिजलेलं हाताशी असावं लागतं.

रात्रपाळी
पटलं नाही. बंद यंत्र झिजत नाही असं तुम्ही धरून चाललात.

शेजारचा ब्लोअर चालू असतो, त्याची थरथर पायातून बंद ब्लोअरपर्यंत पोचते. बेअरिंगमधले बॉल एकाच जागी बसून थरथरत राहतात, मधला वंगणाचा थर निघून जातो आणि रिंगवर बॉलच्या अंतराअंतराने खळगे पडतात. असं बेअरिंग उघडलं की खळग्यांत लालसर भुकटी दिसते. वर मोटरच्या वाइंडिंगमध्ये दमटपणा, पट्ट्यांना एकाच जागी बाक.

आणि माणसांचं काय? राखीव यंत्र महिन्यातून एकदाच लागणार म्हटलं की त्याचा गेज काढून मुख्यला लावला जातो, मग एअर फिल्टर, मग पट्ट्यांचा जोड. आठवड्याची पाळी असली की काढलेली वस्तू सोमवारच्या आत परत बसवावीच लागते.

एकदम दोन्ही जातील ही भीतीही मला फुगवलेली वाटते. नोलन आणि हीप यांचा १९७८ चा विमान देखभालीवरचा अहवाल या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. त्यात फक्त ११ टक्के भागांचं बिघडणं वयाशी जोडलेलं निघालं. बाकी ८९ टक्क्यांना तास मोजून काही फरक पडत नव्हता.

कंपन_नोंद
दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

ते ११ टक्के विमानाचे आहेत. पंपाच्या वाळूने कापल्या जाणाऱ्या इंपेलरला (पाणी फेकणारं चाक) आणि वेअर रिंगला (त्याभोवतीची, झिजण्यासाठीच बसवलेली कडी) तो आकडा लावू नका, त्यांची झीज सरळ तासांबरोबर जाते. पट्टे आणि ऑइल सील यांचंही तसंच. पण बेअरिंगबाबत धागालेखकांची भीती जास्त आहे. एकाच मापाची, एकाच भाराची बेअरिंगं घेतली तरी त्यांच्या आयुष्यात इतका फरक पडतो की दोन्ही एकाच महिन्यात जाण्याची शक्यता कमीच.

खळग्यांवर उपाय सोपा आहे. वीज बंद करून कुलूप लावा, पुलीवर खडूची खूण करा आणि दर आठवड्याला सव्वा फेरा हाताने फिरवा, म्हणजे बॉल दर वेळी नव्या जागी थांबतात. ग्रीस अंदाजाने भरू नका. बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५ म्हणजे ग्रॅम, मापं मिलिमीटरमध्ये. ६३१४ चं बेअरिंग १५० बाय ३५ आहे, म्हणजे साधारण २६ ग्रॅम. गनचा एक दाब किती ग्रॅमचा ते आधी वजनकाट्यावर मोजा. लिथियम आणि पॉलियुरियाचं ग्रीस एकमेकांत मिसळू देऊ नका, बऱ्याचदा दोन्ही मिळून पातळ होऊन वाहून जातात.

किती दिवसांनी राखीव तपासायचं याचंही गणित आहे: दोन गुणिले चालेल तेवढी अनुपलब्धता (यंत्र तयार नसलं तरी चालेल असा वेळेचा हिस्सा) गुणिले बिघाडांमधला सरासरी काळ. राखीव यंत्रात सरासरी चार वर्षांनी छुपा बिघाड येतो असं धरलं आणि ते ९८ टक्के वेळा तयार हवं असेल, तर २ × ०.०२ × ४ = ०.१६ वर्ष, म्हणजे ५८ दिवस. ९९ टक्के हवं असेल तर २९ दिवस. तेव्हा महिन्यातून एकदा हे ब्लोअरला पुरेसं आहे.

पॅनेलवाला
सगळी चर्चा बेअरिंगवर चाललीय. राखीव यंत्र ऐन वेळी दगा देतं ते बरेचदा बदलीच्या साखळीत. सिलेक्टर हँडवर (हाताने चालवायच्या स्थितीत) टाकून, बटण दाबून पंप फिरवला, की लॉगबुकात ‘राखीव तपासला, ठीक’. यातून फ्लोट (पातळी सांगणारा तरंगता स्विच), रिले, पीएलसी (पंप आपोआप चालू-बंद करणारा नियंत्रक) यांतलं काहीच तपासलं जात नाही.

खरी चाचणी अशी करा. दोन्ही पंप ऑटोवर. मैलापाणी साठणाऱ्या विहिरीतली पातळी पंप सुरू होण्याच्या खुणेपर्यंत चढू द्या. चालू पंपाच्या ओव्हरलोड रिलेचं टेस्ट बटण दाबून तो ट्रिप करा. आता पंपाला हात न लावता घड्याळ पाहा: राखीव स्वतःहून उठला का, दाब धरला का, अलार्म माणसापर्यंत पोचला का. फ्लोटवर चरबीचा थर असतो, तो या चाचणीत लगेच पकडला जातो. आठवड्याच्या पाळीतसुद्धा हे आपोआप तपासलं जात नाही, कारण पाळी माणूस हाताने बदलतो.

दुसरं, दोन्ही पंपांचा कंट्रोल सप्लाय एकाच छोट्या ट्रान्सफॉर्मरवर असेल तर तुमच्याकडे राखीव पंप आहे असं मी म्हणणारच नाही. तो फ्यूज गेला की दोन्ही गप्प. हायड्रोजन सल्फाइड तांबं आणि चांदी दोन्ही खातो, म्हणून पॅनेलच्या खोलीत गाळलेली हवा थोड्या जास्त दाबाने ठेवावी लागते. केबलची भोकं बुजवलेली नसली तर विहिरीतला वायू थेट पॅनेलमध्ये येतो.

तिसरं, महिन्याला मेगर (वाइंडिंगच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावा. एक किलोव्होल्टच्या आतल्या साध्या वाइंडिंगला ४० अंशांवर ५ मेगओहम ही किमान रेषा. तापमान १० अंशांनी वाढलं की वाचन साधारण निम्मं होतं, म्हणून तापमान न लिहिलेली नोंद तुलनेला कुचकामी.

रात्रपाळी
ऑटोच्या चाचणीला शंभर टक्के सहमत, आमच्या बाजूचा कच्चा दुवा तोच आहे. पण मैल्याच्या पंपाला कंपन_नोंद यांचे ५८ दिवस लावू नका. चार दिवसांत व्होल्यूटच्या (इंपेलरभोवतीचं पंपाचं कवच) तळाशी वाळू घट्ट बसते, गाळ सडून वायू धरतो आणि चालू केल्यावर पंप नुसता फिरतो, पाणी उचलत नाही. तिथे प्रत्येक सुरुवातीला पंप बदललाच पाहिजे.

सांडपाणी_यांत्रिकी (धागालेखक)
पंपांचा मुद्दा मान्य. मूळ धाग्यात दोन्हींना एकाच मापाने मोजलं, ती चूक झाली. पंप आळीपाळीनेच चालवावेत. फक्त तास सारखे असले तरी वय सारखं ठेवू नये. एका पंपाची वेअर रिंग आणि सील अर्ध्या आयुष्यातच बदलून टाका. दोघांच्या झिजेत कायमचं अंतर पडतं आणि काढलेली अर्धी झिजलेली रिंग अडीअडचणीला उरते.

ब्लोअरबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. नॉन-रिटर्न व्हॉल्वचा (हवा उलटी येऊ न देणारा फ्लॅप) मुद्दा कुणी काढला नाही म्हणून जोडतो. कालपासून बंद असलेल्या ब्लोअरच्या आउटलेटवर हात ठेवा. कोमट लागला किंवा पुली हळूहळू उलटी फिरताना दिसली, तर फ्लॅप गळतोय. उलट्या फिरणाऱ्या यंत्राला स्टार्ट दिला की पट्टे आणि शाफ्ट दोन्हींना जबर झटका बसतो.

गाळ_टाकी
क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसवायची टाकी) स्क्रॅपरला (तळाचा गाळ ओढणारं यंत्र) राखीवच नसतं. तिथे तुमची तासांची वाटणी कशी करणार?

कंपन_नोंद
तिथे वाटणी नाही, फक्त पहारा. टॉर्क (स्क्रॅपर फिरवायला लागणारा जोर) रोज लिहा. चढत गेला तर तळात गाळ दाटतोय, उपसा वाढवा. शिअर पिन (भार जास्त झाला की मुद्दाम तुटणारी) तुटली की तिच्या जागी घरातला कडक बोल्ट कधीही ठोकू नका. पिन वाचवते ते स्क्रॅपरचे वाकणारे हात आणि केज (हात धरणारा मधला सांगाडा), आणि ते बदलायला अख्खी टाकी रिकामी करावी लागते. मूळ मापाच्या आणि मूळ धातूच्या पिना गिअरबॉक्सजवळच टांगून ठेवा. गिअरबॉक्स उघड्यावर असतो, रात्री गार होताना दमट हवा आत ओढतो, पाणी तळाशी साचतं. आठवड्यातून एकदा, सुरू करायच्या आधी, तळाचा प्लग किंचित सैल करून आधी काय येतं ते काचेच्या बाटलीत धरा. पाणी आलं तर ब्रीदर (गिअरबॉक्सची हवा आत-बाहेर जाऊ देणारा भाग) बदला. तेल दुधाळ आलं तर तेलही.