'कमिट'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा: नागपूरच्या परसोडी आयटी पार्कात काम करतो. नव्या पोरांसाठी गिटची (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) माहितीपुस्तिका मराठीत लिहून राहिलो. 'ब्रँच'ला 'शाखा' जमलं. 'कमिट'ला 'जतन' चालेल का? आणि 'पुल रिक्वेस्ट'चं (माझे बदल मुख्य कोडमध्ये घ्या, ही विनंती) काय करायचं?

उत्तर: 'जतन' नको भाऊ. फाइल जतन केली म्हणजे ती डिस्कवर गेली, गिटच्या इतिहासात तिचा अजून पत्ताच नसतो. कमिटमध्ये कोणी, केव्हा, कशासाठी बदल केला ते बांधलं जातं आणि त्याला 40 अंकाक्षरांची ओळख मिळते. संदेशातली एक वेलांटी बदलली तरी ओळख नवी.

माझ्या मते 'फेरफार' घ्या. तलाठी गाव नमुना 6 मध्ये फेरफार घेतो, त्याला क्रमांक पडतो, संबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, मग सातबाऱ्यावर अंमल. जुनं नाव पुसत नाहीत, कंस करतात. नोटिशीपासून प्रमाणीकरणापर्यंतचा टप्पा म्हणजेच तुमची पुल रिक्वेस्ट.

दुसरं उत्तर: जुळणी पटली, शब्द नाही. 'निकालात फेरफार', 'हिशेबात फेरफार' असं रोज वाचणाऱ्याला त्यात लबाडीचा वास येतो. नुसतं 'नोंद' पुरे. 'नोंद केली, आता पुश कर' हे कानालाही बरं लागतं. पण हे दोन टप्पे पुस्तिकेत वेगळे दाखवाच: नोंद आपल्याच संगणकावर होते, पुश केल्यावर ती गिटहबवर, म्हणजे टीमचा कोड ऑनलाइन ठेवायच्या जागी जाते. गिट 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स कर्नलसाठी लिहिलं. गिटहब 2008 मध्ये आलेली वेगळी सेवा. नवी पोरं दोन्ही एकच समजतात आणि कमिट करून बसतात, इकडे टीमला काहीच दिसत नाही.

'पुल रिक्वेस्ट'चं 'खेच-विनंती' कृपा करून करू नका. माझे बदल तुम्ही तुमच्याकडे ओढून घ्या, असं समोरच्याला सांगणं आहे ते. गिटहबसारखीच दुसरी सेवा गिटलॅब यालाच 'मर्ज रिक्वेस्ट' म्हणते, आणि ते जास्त खरं. अर्थ सांगताना 'बदल सामावून घेण्याची विनंती' लिहा, नाव मात्र पुल रिक्वेस्टच ठेवा. पडद्यावरच्या बटणावर तेच आहे.

विचारणारा: 'नोंद' पक्कं. 'कॉन्फ्लिक्ट'ला 'संघर्ष' लिहिलं होतं, तेही काढतो. एकाच ओळीत दोघांनी वेगळे बदल केले की फाइलमध्ये दोन्ही मजकूर एकाखाली एक येतात, मधे सात बरोबर-चिन्हांची रेघ. त्याला 'पेच' म्हणतो. पेच सोडवता येतो.