शब्दचर्चा: चिलखत, कवच, राखण आणि ‘दोन हाती’

जळगावकर

मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, म्हणून भाचरं आणि गल्लीतली मुलं जमवून मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं घेऊन आणि फासे टाकून गोष्ट पुढे न्यायचा खेळ, मराठीतून खेळवतो. नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे. गोष्ट सांगताना मराठी कुठेच अडत नाही, नियम सांगताना अडते.

तीन ठिकाणी शब्द हवे आहेत. पहिलं, आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला शत्रूच्या फाशाने जो अंक गाठावा लागतो तो. ‘चिलखत-अंक’ असं बरेच जण म्हणतात. पण भाचीची जादूगारीण सुती झग्यात फिरते आणि तिचाही अंक १२ आहे. ‘अंगावर चिलखत नाही, मग हा अंक कशाचा?’ हा तिचा प्रश्न रास्त आहे. दुसरं, अंगठी, झगा, ताईत अशा जपणाऱ्या वस्तूंना मिळून काय म्हणायचं? तिसरं, ड्युअल वील्डिंग, म्हणजे दोन हातांत दोन शस्त्रं घेऊन लढणं. ‘दोन हाती लढतो’ म्हटलं की अर्ध्या पोरांना दोन तलवारी दिसतात, अर्ध्यांना एकच मोठी.

धुळेकर

भाऊ, नाम शोधण्याआधी क्रियापदं बघा. मराठीत वार चुकवतात, अडवतात, झेलतात, वळवतात आणि सोसतात. या पाच वेगळ्या कृती आहेत, आणि या खेळांनी नेमक्या त्याच आकड्यांत वेगळ्या केल्या आहेत.

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत हे सर्वांत स्वच्छ दिसतं. तिथे एकूण अंकाचे घटक वेगवेगळे लिहायचे असतात. चपळाईचा भाग म्हणजे वार चुकवणं. ढालीचा भाग म्हणजे अडवणं. चिलखताचा भाग म्हणजे अंगावर झेलणं. अंगठीची जादू वार वळवते, तो चौथा भाग. आता समोरचा बेसावध असेल, तर त्याची चपळाई धरत नाहीत, कारण जो वार दिसलाच नाही तो चुकवणार कसा? चिलखत मात्र झोपेतही झेलतं, म्हणून तो भाग शाबूत राहतो. उलट एखाद्या भुताचा नुसता स्पर्श घातक असेल, तर चिलखत आणि ढाल दोन्ही मोजत नाहीत. बोट चिलखताला लागलं तरी लागलंच. तिथे चुकवणं आणि वळवणं एवढंच कामाला येतं. हा सगळा नियम मुलांना क्रियापदांतून सांगा, तक्ता पाठ करावा लागणार नाही.

म्हणून एकूण अंकाला ‘चिलखत’ शब्द लावूच नये. चिलखत हा त्यातला एक वाटेकरी. मी ‘बचाव’ म्हणेन. पाचव्या आवृत्तीत उघड्या अंगाचा बचाव १० अधिक चपळाई. भाचीची चपळाई २ असेल, म्हणून बचाव १२. चामड्याचं चिलखत असेल तर ११ अधिक चपळाई. कड्यांच्या पूर्ण चिलखताचा सरळ १६, पोलादी पत्र्याच्या चिलखताचा १८, आणि या दोन्हींत चपळाई मिळवायची नाही. इतकं वजन अंगावर असताना चुकवण्याचा प्रश्नच येत नाही, माणूस झेलतो. ढाल वर २ देते.

भुसावळकर

‘बचाव’ पटला. पण तो सगळ्या खेळांना लावू नका, ही विनंती. मी संगणकावर खेळतो, आणि तिथे एकाच इंग्रजी शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या वंशातल्या खेळांत चिलखतामुळे वार ‘लागत’ नाही. लागला, तर पूर्ण लागतो. स्कायरिममध्ये वार लागतोच, चिलखत फक्त मार कमी करतं, आणि ती घट कितीही चिलखत वाढवलं तरी ८० टक्क्यांवर थांबते. एल्डन रिंगमध्येही प्रत्येक तुकडा मार काही टक्क्यांनी घटवतो. शिवाय तिथे वजन आहे. पेलण्याच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांवर ओझं गेलं की वार चुकवायची लोळण संथ होते. म्हणजे सोसण्याची ताकद वाढवायला गेलात तर चुकवण्याची कमी होते. या दुसऱ्या प्रकाराला ‘बचाव’ म्हटलं तर खेळणारा फसेल. मी ‘मारकपात’ म्हणतो. पगारकपात, वीजकपात जिभेवर आहेतच, हा त्यांच्या ओळीत बसतो.

दुसरं म्हणजे जुन्या खेळांचं मराठीकरण करताना दिशा सांभाळा. १९९८ चं बाल्डर्स गेट दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालतं. तिथे उघडं अंग म्हणजे १०, कड्यांचं चिलखत ५, पत्र्याचं ३, आणि उत्तम योद्धा शून्याच्या खाली. अंक जितका कमी तितका माणूस सुरक्षित. तिथे ‘बचाव वाढला’ म्हणायचं आणि आकडा उतरताना दाखवायचा, हे नवख्याला भलतंच वाटतं. अशा ठिकाणी ‘बचाव सुधारला’ किंवा ‘बिघडला’ म्हणावं, चढला-उतरला म्हणू नये.

धुळेकर

भुसावळकरांच्या मुद्द्याला जोड. वार आणि घाव हा फरक मराठीत आयता आहे. वार करणाऱ्याकडे असतो, घाव घेणाऱ्याकडे. बचावाच्या खेळात विचारायचं, ‘वार बसला का?’ मारकपातीच्या खेळात विचारायचं, ‘घाव किती खोल?’

नंदुरबारकर

दुसऱ्या प्रश्नावर कोणी आलं नाही, म्हणून मी लिहिते. मला तोच सगळ्यात जवळचा आहे.

‘रक्षा’ टाळा. रक्षाबंधन, रामरक्षा इथपर्यंत ठीक, पण नुसतं ‘रक्षा’ म्हटलं की आपल्याकडे नदीवर सोडायची राखही डोळ्यासमोर येते. ‘संरक्षक साहित्य’ म्हटलं की कारखान्यातलं हेल्मेट आठवतं. आपल्याकडे शेतावर ‘राखण’ असते, ज्वारी दाण्यावर आली की माळ्यावर बसून करतात ती. राखणदार देवही गावोगाव आहेत. राखणीची अंगठी, राखणीचा झगा, राखणीचा ताईत. या वस्तू स्वतः लढत नाहीत, घालणाऱ्यावर नजर ठेवून असतात, आणि राखण म्हणजे तेच. नियमही याला धरून आहे. पाचव्या आवृत्तीतली अंगठी बचावात १ देते आणि विष, भूल, आगीचा लोट यांपासून सावरण्याच्या फाशावरही १ देते. नुसत्या तलवारीच्या वारापुरती ती नाही.

‘कवच’ मात्र जपून वापरा. चिलखत अंगावर चढवतात आणि उतरवतात. कवचाला मराठीत दुसराही अर्थ आहे: देवीकवच म्हणतात तेव्हा अंगावर काही घालत नाहीत, शब्दांनी अंग बांधून घेतात. आणि कर्णाचं कवच तर जन्मासोबत आलेलं. म्हणून माझी सूचना अशी की धातू, चामडं, कापूस यांचं ते चिलखत, आणि मंत्राचं किंवा अंगभूत असेल ते कवच. जादूगारिणीचा एक मंत्र आठ तास तिचा बचाव १३ अधिक चपळाई करतो, पण अंगावर चिलखत असेल तर तो लागू होत नाही. ‘कवच आहे, चिलखत नाही’ असं एका वाक्यात हे सांगता येतं. रानटी योद्धा चिलखत न घालता चपळाईसोबत काटकपणाही मोजतो, तेही कवच. कर्णाची गोष्ट ज्या मुलांनी ऐकली आहे त्यांना पुढचं समजावावं लागत नाही.

भुसावळकर

ताई, ‘राखण’ घेतलाच. एक अडचण तेवढी सांगतो, कारण नवे खेळाडू इथे हमखास चिडतात. जुन्या बाल्डर्स गेटमध्ये जादूचं चिलखत अंगावर असताना राखणीची अंगठी घालता येत नाही. खेळ नकार देतो. दोन्हीही जादूची राखणच, आणि त्या नियमांत दोन राखणी एकावर एक चढत नाहीत. तिसऱ्या आवृत्तीने हे बदललं: वेगळ्या जातीचे लाभ एकमेकांत मिळवायचे, एकाच जातीचे असतील तर मोठा तेवढा धरायचा. त्यामुळे चिलखत आणि अंगठी चालतात, पण चिलखत आणि चिलखताचाच लाभ देणारी मनगटबंदांची जोडी एकत्र कामाला येत नाही. पाचव्या आवृत्तीत पुन्हा निराळं, अशा वस्तू कामाला येण्याआधी त्यांच्याशी सूर जुळवावा लागतो आणि एका वेळी तीनच वस्तूंशी तो जुळतो. २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ मध्ये तीनची अट नाही. ‘लाभ साठत नाहीत’ यापेक्षा ‘राखणीवर राखण चढत नाही’ हे मुलांना पटकन कळतं.

अमळनेरकर

तिसऱ्या प्रश्नावर आमच्या अहिराणीत भांडणच होत नाही. ‘एकच तलवार, दोन्ही हातमा धरेल शे’ हे एक. ‘दोन्ही हातमा दोन तलवारी शेतस’ हे दुसरं. पूर्ण वाक्य बोललं की घोळ संपतो. घोळ होतो तो सुटसुटीत शब्द करताना.

एक शस्त्र दोन्ही हातांनी पेलायचं असेल तर ‘दुहाती’. दोन हातांत दोन शस्त्रं असतील तर ‘जोडशस्त्र’, आणि त्यातला दुसरा वार तो ‘जोडवार’. ‘सव्यसाची’ कोणीतरी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. अर्जुनाला ते नाव मिळालं डाव्या हातानेही बाण सोडता येई म्हणून. संस्कृतात सव्य म्हणजे डावा. ती हातांची तयारी झाली, एका वेळी दोन शस्त्रं धरणं नव्हे. हे बिरुद एखाद्या कसलेल्या पात्राला द्या, पण नियमाचं नाव करू नका. आणि वणीची सप्तशृंगी अठरा हातांची. चैत्रात खान्देशातून पायी जाणाऱ्या मुलांना दोन हातांत दोन शस्त्रं ही कल्पना नवी नाही.

दांडपट्ट्याचं सांगायलाच हवं. मर्दानी खेळात दोन्ही हातांत पट्टे घेऊन फिरवणारे आजही आहेत, आणि बाजीप्रभूंना चित्रकारांनी तसंच रंगवलं आहे. पट्ट्याची मूठ म्हणजे लोखंडी हातमोजाच, मनगटाच्या वरपर्यंत हात झाकते. म्हणजे एकाच वस्तूत शस्त्रही आणि चिलखतही. पण मनगट त्यात बांधलं जातं, त्यामुळे तलवारीसारखं मनगटातून वळवून वार अडवता येत नाही, पट्टा खांद्यापासून फिरता ठेवावा लागतो. जोडशस्त्रात अडवणं महाग पडतं हे यातून दिसतं. स्कायरिममध्ये तर दोन्ही हातांत शस्त्रं असली की अडवताच येत नाही.

जळगावकर

अमळनेरकर, मुलांचा पुढचा हट्ट हाच असतो: ढाल टाकून दुसरी तलवार घेऊ का? त्यांना काय सांगता?

अमळनेरकर

हिशेब मांडून दाखवतो. बळ किंवा चपळाईचा लाभ ३ धरा. एका हातात लांब तलवार, दुसऱ्यात ढाल: वार बसला तर सरासरी मार साडेसात. दोन आखूड तलवारी: पहिला वार साडेसहा, जोडवार साडेतीन, कारण जोडवारात तो ३ चा लाभ मिळवायचा नसतो, खास शैली शिकली असेल तरच मिळतो. दोन्ही बसले तर दहा. आणि दुहाती मोठी तलवार? तिचीही सरासरी दहा! फरक असा की जोडवाराला त्या फेरीतली जोडकृती, म्हणजे मुख्य कृतीशिवायची जादा छोटी कृती, खर्च होते. पण मोठी तलवार चुकली की हाती काहीच नाही, जोडीतली एक चुकली तरी दुसरी उरते.

आता ढालीची किंमत. कड्यांचं चिलखत आणि ढाल, बचाव १८. शत्रूला फाशाच्या अंकात ५ मिळवायला मिळत असतील तर वीस बाजूंच्या फाशावर त्याला १३ किंवा जास्त लागतात, म्हणजे ४० टक्के वार बसतील. ढाल टाकली, बचाव १६, त्याला ११ पुरतात, ५० टक्के. ऐकायला दहाच टक्के, पण अंगावर बसणारे वार सव्वापट झाले. पुढे उभं राहून सगळ्यांचा मारा घेणाऱ्याने ढाल सोडू नये, असं माझं ठाम मत. मागून येऊन एकदाच वर्मी घाव घालणाऱ्या चोरट्याला मात्र जोडशस्त्र फार उपयोगी. पहिला चुकला तर दुसरी संधी.

आणि जोडवाराला दोन्ही शस्त्रं हलकी हवीत: खंजीर, आखूड तलवार, हातकुऱ्हाड, विळासुद्धा. विळा नियमांच्या यादीतच आहे, मार मोजायला चार बाजूंचा फासा. शेतकऱ्याच्या पोराचं पात्र करायचं असेल तर दोन विळे द्या.

नंदुरबारकर

‘जोडवार’ छान आहे, पण उच्चारात ‘जोड वार’ असा तुटतो आणि मुलं त्याला वाराची बेरीज समजतील असं वाटतं. ‘डावा वार’ कसा?

धुळेकर

डावखुऱ्या मुलाचं काय करणार ताई? त्याचा मुख्य हातच डावा. शिवाय ‘डावं’ला कमीपणाचा वास आहे. ‘जोडवार’च ठेवू. जोडधंदा, जोडरस्ता म्हणताना आपण बेरीज करत नाही, मुख्य गोष्टीला लागून असलेली दुसरी असंच समजतो, आणि नियमातही तो वार पहिल्याला लागूनच येतो.

जळगावकर

मग उद्यापासून बचाव, मारकपात, चिलखत, कवच, राखण, दुहाती, जोडवार. एक शेवटचं. पोरं ‘ढाल घातली’ म्हणतात, मला खटकतं. आणि लढाई सुरू झाल्यावर ‘मी चिलखत घालतो’ असं म्हणणारा एक जण आहेच.

धुळेकर

ढाल घेतात किंवा धरतात, चिलखत चढवतात. खटकणं बरोबर आहे, आणि नियमातही हाच फरक आहे. ढाल हाती घ्यायला लढाईतली एक कृती पुरते. हलकं चिलखत चढवायला १ मिनिट, मध्यमाला ५, जडाला १०. एक फेरी सहा सेकंदांची, म्हणजे जड चिलखत चढेपर्यंत शंभर फेऱ्या होतात. त्या मुलाला म्हणावं, लढाई लागली की ढाल घे, चिलखत तळ सोडतानाच चढव.